अभयारण्याची सहल : मुलांनी काय पाहिले?

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या सहलीविषयी बोलण्याचे काम आज माझ्याकडे आले आहे. विषय तसा लहान आहे. परंतु यंदा याच विषयावरून आपल्यात दोन मते पडली आहेत. गेल्या जानेवारीत आपली आठवी-नववीची मुले फणसाडच्या अभयारण्यात गेली होती. यंदाही तेथेच जावे, असे आम्हां शिक्षकांचे म्हणणे आहे. काही पालकांनी मात्र लेखी कळविले आहे की, मुलांना जंगलात काहीच दिसले नाही, तेव्हा त्यापेक्षा वॉटर पार्कला न्यावे. काहींनी, मुलींना जंगलात पाठविणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. निर्णय समिती घेणार आहे. पण आपले मत ऐकूनच घेणार आहे. म्हणून आपले आक्षेप एकेक करून विचारात घ्यावेत आणि आपल्यापुढे सहलीचा सरळ हिशेब मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

पहिला आक्षेप असा की, काहीच दिसले नाही. एका पालकांनी मला विचारले, “सर, बिबट्या नाही, सांबर नाही, मग पाच तास पायपीट करून पाहिले काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी अभयारण्य म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

राणीच्या बागेत आपण जातो, तेव्हा प्राणी पिंजऱ्यात असतो आणि माणूस मोकळा असतो. अभयारण्यात प्राणी आपल्या घरी असतो व आपण तिऱ्हाईत असतो. तेथे त्याला अभय आहे, म्हणून ते अभयारण्य. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर हे प्राणी बहुतेक करून रात्री किंवा पहाटे-संध्याकाळी बाहेर पडतात. भर दिवसा चाळीस मुलांच्या पावलांचा आवाज त्यांना कितीतरी लांबून कळतो. पिसोरी नावाचे हरणासारखे चिमुकले जनावर तर इतके लाजाळू की, जंगलालगत राहणाऱ्या माणसांनाही ते क्वचितच दिसते. तेव्हा हे प्राणी दिसले नाहीत, याचा अर्थ ते तेथे नव्हते, असा होत नाही. प्राण्याने माणसाला टाळणे हीच जंगलातली रीत आहे, आणि ती मुलांना कळली, ही या सहलीची पहिली शिकवण.

फणसाडचे जंगल टिकले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. मुरूड-रोह्याच्या डोंगरांतील हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. पुढे १९७२ मध्ये वन्य जीव संरक्षण कायदा आला आणि १९८६ मध्ये फणसाडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या रानात एके काळी हाकारे घालून जनावर उठवीत, त्याच रानात आज जनावराला धक्का लावणे गुन्हा आहे. जंजिरा किल्ला आपली मुले लहानपणापासून पाहत आली आहेत; पण त्या इतिहासाचे एक पान या डोंगरात हिरवे उभे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आता मुलांनी काय पाहिले, ते सांगतो.

फणसाडच्या रानात जागोजाग पाणवठे आहेत. तेथील लोक त्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाड गाण अशी त्यांची नावे, आणि यातल्या एकीवरूनच अभयारण्याला नाव मिळाले. पावसाळा संपून तीन महिने झाले होते, तरी गाणीत पाणी होते. आपल्या कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात मात्र कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे मुलांना तेथे जमिनीकडे पाहून सुटले. झाडांखाली पाचोळ्याचा जाड थर होता. तो हाताने बाजूला केला, तर खालची माती जानेवारीतही ओलसर लागली. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस तासाभरात ओढ्याला आणि तेथून खाडीला जाऊन मिळतो; जंगलात पडलेला पाऊस पाचोळ्यात अडतो, मुळांवाटे मुरतो आणि पुढे कित्येक महिने थोडा थोडा बाहेर येतो. भूगोलाच्या तासाला ‘भूजल’ हा शब्द मी फळ्यावर अनेकदा लिहिला आहे. त्या दिवशी तो मुलांच्या बोटांना लागला.

त्याच गाणीच्या काठी चिखलात ठसे होते. आमच्या वाटाड्याने मुलांना खाली बसविले आणि ठसा वाचायला शिकविले. मागे गादीचा ठसा, पुढे चार बोटे, आणि बोटांपुढे नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. मांजराच्या कुळातला प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो. म्हणजे हा ठसा बिबट्याचा. बिबट्या दिसला नाही हे खरे, परंतु तो कोठून आला, पाणी पिऊन कोणीकडे गेला, हे मुलांनी चिखलावर वाचले. थोड्या अंतरावर साळिंदराचा काटा पडला होता. एका मुलाने तो घरी न्यायची परवानगी मागितली. अभयारण्यातून पीस किंवा काटादेखील उचलून आणता येत नाही, हा कायदा आहे, असे त्याला समजावून सांगितले. त्याने वहीत काट्याचे चित्र काढून घेतले आणि काटा होता तेथे ठेवला.

उंच झाडांच्या फांद्यांवर काटक्या-पानांचे मोठे गोल घरटे दिसले. घारीचे असेल, असा मुलांचा अंदाज होता. पण ते निघाले शेकरूचे. शेकरू ही मोठी खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत ते नाव प्रत्येकाने लिहिले होते, प्रत्यक्षात कोणी पाहिले नव्हते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फूट उड्या घेत जातो, आणि एकच प्राणी अनेक घरटी बांधून ठेवतो. मुलांनी तीन घरटी मोजली. मधली दोन-चार झाडे तोडली तर शेकरूची वाटच तुटते, हे त्यांनी आपण होऊन सांगितले.

आणखी एक नवल पाहिले. एका झाडावर शेणाच्या मोठ्या गोळ्यासारखे तपकिरी काहीतरी लटकत होते. ते झाडावरच्या मुंग्यांचे घर होते. तांबूस सुतार हा पक्षी या मुंग्या खातो आणि अंडी घालायची वेळ आली की, त्याच मुंग्यांच्या घरात भोक पाडून आपले घरटे करतो. धनेशाची एक जोडी डोक्यावरून गेली, तेव्हा तिच्या पंखांचा आवाज साऱ्यांनी ऐकला. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचे तोंड आतून बुजवून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला व पिल्लांना फळे आणून भरवितो. नराचे काही बरेवाईट झाले तर आतले सारे कुटुंब संकटात येते. हे ऐकल्यावर मुले आपोआप गप्प झाली. त्या दिवसापासून आठवीतल्या दोन मुलांच्या खिशातली बेचकी मला दिसलेली नाही.

पालकहो, हे सारे मुलांना दिसले ते काही योगायोगाने नव्हे. सहलीपूर्वी तीन आठवडे आम्ही तयारी केली होती. वनखात्याची परवानगी काढली, वाटाड्या ठरविला. प्रत्येक मुलाला एक वही दिली आणि नियम सांगितले. मोबाइल बसमध्ये राहील, कॅमेरा एकच व तो शिक्षकांकडे असेल, भडक कपडे नकोत, खाऊचे कागद खिशात परत आणायचे. पण सर्वांत अवघड नियम होता अर्ध्या तासाचा. एका सपाट जागी प्रत्येकाने दहा-दहा पावलांच्या अंतरावर एकट्याने बसायचे, बोलायचे नाही, आणि जे ऐकू येईल, दिसेल, ते लिहायचे. पहिली पाच-सात मिनिटे चुळबुळ झाली. नंतर रान जसे काही पुन्हा बोलू लागले. नववीतल्या एका मुलाने वहीत अकरा निरनिराळे आवाज नोंदविले. हा मुलगा वाचनात मागे आहे. सुट्टीच्या दिवशी घरच्या शेळ्या चारायला नेतो. तांबट कोणता, कोतवाल कोणता, हे त्याला न पाहता कळत होते. त्या दिवशी वर्गातले पहिले-दुसरे नंबर त्याच्याभोवती वह्या घेऊन बसले होते. एरवी शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला असा मान मिळवून देणारा दुसरा तास माझ्या तरी पाहण्यात नाही.

सहलीहून आल्यावर एक गृहपाठ दिला होता, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. “तुमच्या लहानपणी गावात गिधाडे किती दिसत?” हा प्रश्न मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचा होता. मराठीत गिधाड, उर्दूत गिध. घरोघरी उत्तर मात्र एकच मिळाले. पूर्वी जनावर मेले की, थव्यांनी उतरत, माडांच्या शेंड्यांवर त्यांची घरटी असत. आता दिसत नाहीत. का दिसत नाहीत, हे मात्र कोणाला सांगता आले नाही.

त्याची हकीकत अशी. १९९० नंतरच्या दशकात आपल्या देशातील गिधाडे भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर २००७ पर्यंत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक कमी झाले. कारण कळेना. अखेर २००४ मध्ये संशोधकांनी ते शोधून काढले. गुरांना वेदनाशामक म्हणून जे डायक्लोफेनॅक देत असत, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जातात असे आढळले, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांच्या आकारावर मर्यादा आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या आणखी दोन औषधांवर गुरांसाठी बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुण देते आणि गिधाडांना अपाय करीत नाही.

हे वर्गात सांगितल्यावर एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्याकडे म्हशी आहेत. डॉक्टर येतात तेव्हा मी औषधाचे नाव विचारीन.” तिने ते खरोखरच विचारले, आणि नाव वहीत लिहून आणले. बंधुभगिनींनो, फणसाडचे आकाश आणि आपला गोठा यांचा एवढा जवळचा संबंध आहे. आपल्या दावणीची सुई चुकली तर डोंगरावरचा पक्षी मरतो. हे ज्या मुलीला तेराव्या वर्षी कळले, तिला सहलीत काहीच दिसले नाही, असे कसे म्हणावे?

आता मुलींच्या प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी आठवीच्या एकवीस मुलींपैकी नऊच आल्या. ज्या आल्या नाहीत, त्यांच्या आई-वडिलांची काळजी मी समजू शकतो. मीही एका मुलीचा बाप आहे. परंतु ही काळजी व्यवस्थेने दूर करावी, मुलीला घरी ठेवून नव्हे. बरोबर दोन शिक्षिका होत्या, बस दाराशी थांबून होती, आणि मगरिबच्या आत प्रत्येक मुलगी घरी पोहोचली होती. यंदा आमची विनंती आहे की, चार-पाच मातांनीही आमच्याबरोबर यावे. गेल्या खेपेच्या वह्या तपासल्या, तेव्हा सर्वांत नेटक्या नोंदी मुलींच्याच निघाल्या.

येथे दोन नावे घ्यावीशी वाटतात. डॉ. सालिम अली हे नाव आपण जाणता. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे कळेना, तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे पक्ष्यांनी भरलेली कपाटे त्याच्यापुढे उघडली गेली आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे पुरेशी पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. ते खचले नाहीत. १९३० मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ते पुरे झाल्यावर नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तेथे नोंदविले. त्यासाठी लागले ते डोळे, वही आणि धीर. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

दुसरे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. ते आहे जमाल आरा यांचे. बिहारमधील एका जुन्या वळणाच्या मुस्लिम घरात १९२३ मध्ये त्यांचा जन्म झाला. शाळा दहावीपर्यंतच झाली. पण छोटा नागपूरच्या जंगलांत हिंडून त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, सालिम अलींच्याच संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिले, आणि १९७० मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे ‘वॉचिंग बर्ड्स’ हे मुलांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी, त्या परिस्थितीत, दहावी शिकलेली एक मुलगी एवढे करू शकली. आपल्या मुली दहावीच्या पुढेही शिकणार आहेत. एक दिवस जंगल पाहून येण्यास त्यांना मज्जाव कशासाठी?

काही पालक परीक्षेची चिंता करतात. त्यांना मला एवढेच सांगावयाचे आहे की, पर्यावरणाचा अभ्यास शाळेत सक्तीचा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. आणि वने, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे सहलीचा हा दिवस अभ्यासातून वजा होत नाही. तो अभ्यासातच मोडतो.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गेल्या वर्षी सहा मुले केवळ पैशांअभावी आली नाहीत. सहलीच्या दुसऱ्या दिवशी सारा वर्ग गाण, ठसे, शेकरू यांविषयी बोलत होता आणि ती सहा मुले खाली मान घालून ऐकत होती. ज्या घरात सुट्टीत बाहेरगावी जाणे होत नाही, त्या मुलाला शाळेने नेले नाही तर कोण नेणार? वॉटर पार्कची मजा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. ती आई-वडिलांबरोबर केव्हाही करता येते. ठसा वाचायला शिकविणे मात्र शाळेचे काम आहे.

म्हणून मेळाव्यापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, फणसाडची सहल बंद करू नये, आणि वहीतील नोंदींना प्रकल्पाचे गुण द्यावेत. दुसरी, मुलींना पाठवावे, आणि शक्य त्या मातांनी सोबत यावे. तिसरी, संस्थेने एक छोटा सहल निधी उभारावा. कोणाचे मूल त्या निधीतून आले, हे मुख्याध्यापकांखेरीज कोणाला कळू नये. या निधीला आम्ही शिक्षक आपल्या एका दिवसाचा पगार देण्यास तयार आहोत.

आपल्यापैकी काही जण परदेशी नोकरीला असतात आणि सुट्टीत गावी येतात. आपण यंदा आलात, तर मुलाला घेऊन एकदा गावामागच्या डोंगरावर चढून पाहा. वाटेत तो आपणास काही नावे सांगेल. आपणास ती येत नसली तर त्याच्याकडून शिकून घ्या. त्यात कमीपणा मुळीच नाही.

 सहलीच्या वह्या व्यासपीठाच्या उजव्या बाजूच्या टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. मत देण्यापूर्वी आपल्या मुलाची वही अवश्य चाळावी. गेल्या वर्षी न गेलेल्या सहा मुलांसाठी तेथे सहा कोऱ्या वह्याही ठेवल्या आहेत. यंदा त्या भरल्या जाव्यात, एवढीच विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.